टीवर ड्राइव्हर की थ्री-वुड?

गोल्फचा पार-4 होल (चार फटक्यांत संपवायचा), उजवीकडे ओबी (हद्दीबाहेरची जागा), डावीकडे झाडं. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, सर्वांत लांब मारणारा क्लब (काठी) म्हणजे ड्राइव्हर, पण हात आपसूक त्याहून आखूड थ्री-वुडकडे जातो. पण ‘थ्री-वुड सरळ जातो’ हे अर्धंच खरं आहे.

ड्राइव्हर साधारण 45 इंचांचा, लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, कल) 9 ते 12 अंश. थ्री-वुड 43 इंच, 15 अंश. क्लब आखूड असला की चेंडू फेसच्या मधोमध लागायची शक्यता वाढते, आणि लॉफ्ट जास्त असल्याने स्लाइस (उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवीकडे वळणारा फटका) कमी वळतो. एवढं थ्री-वुडच्या बाजूने. उलट ड्राइव्हरचं डोकं 460 सीसीपर्यंत मोठं असतं, थ्री-वुडचं त्याच्या निम्म्याहूनही लहान. त्यामुळे टाचेला किंवा टोकाला लागलेला फटका ड्राइव्हर बराच सांभाळून घेतो.

आता आकडे. चेंडू 10 अंश भरकटला, तर 220 यार्डांवर सुमारे 39 यार्ड बाजूला पडतो, 200 यार्डांवर 35. वीस यार्ड सोडून वाचले चार! म्हणजे भरकटण्याचा कोनच कमी होत असेल, तरच थ्री-वुड फायद्याचा. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दोन्हींचे पंधरा-पंधरा चेंडू मारा, दोन्हीकडचा एकेक अगदी वाया गेलेला सोडा आणि उरलेल्यांची रुंदी मोजा. होलवरची मोकळी जागा (रफ, म्हणजे कडेचं वाढलेलं गवत, धरून) या रुंदीपेक्षा जास्त असेल तर बेलाशक ड्राइव्हर. ओबीत गेलात तर एक दंड आणि परत टीवरून तिसरा फटका. वीस यार्डांनी हे भरून निघत नाही. रफमध्ये गेलात तर दंड नाही, फक्त लाय (चेंडू पडल्याची जागा) वाईट.

दोन्ही रस्त्यांनी मेजर (गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या गेल्या आहेत. 2006 च्या ब्रिटिश ओपनला इंग्लंडमधल्या हॉयलेकचा कोर्स उन्हाने वाळलेला होता. टायगर वुड्सने चार दिवसांत ड्राइव्हर एकदाच मारला. आयर्नचे (आखूड, लोखंडी डोक्याच्या क्लबचे) चेंडूच भरपूर धावत होते. 2020 च्या यूएस ओपनला विंग्ड फुटवर ब्रायसन डीशॅम्बोला 56 पैकी 23 फेअरवे (होलमधला कापलेल्या गवताचा पट्टा) मिळाले, तरी तो सहा अंडरने (पारपेक्षा सहा फटके कमी) जिंकला, कारण रफमधूनही हातात वेज (जवळच्या फटक्याचा जास्त लॉफ्टचा क्लब) होता. अर्थात दाट रफमधून वेज काढायला त्याच्यासारखी ताकद लागते, हे विसरू नका.

आपल्याकडे पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच रुततो, रोल नाही. तेव्हा कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) महत्त्वाची, ड्राइव्हर घ्या. एप्रिल-मे मधल्या कडक फेअरवेवर तोच चेंडू धावत झाडांत शिरतो.

मधला मार्गही आहे: ड्राइव्हर इंचभर खाली पकडा, पण स्विंग पूर्ण करा. चेंडू ‘ठेवायला’ म्हणून हात आवरले की फेस उघडाच राहतो आणि चेंडू नेमका ओबीकडे वळतो. थ्री-वुड घेतलात तर टी (चेंडू ठेवायची खुंटी) जेमतेम अर्धा इंच वर ठेवा. ड्राइव्हरच्या उंचीवर ठेवली तर डोकं चेंडूखालून सरकतं, वरच्या रंगावर ओरखडा उठतो आणि चेंडू आकाशात जातो.