कॉल-आयडी की सेशन-आयडी: तुटलेला कॉल कशावरून शोधावा?

डिसेंबरात कळंगुटच्या हॉटेलात पाहुण्याचा फोन मध्येच तुटतो आणि तक्रार म्हापशाच्या ऑफिसात येते. लॉगच्या ढिगातून तो एकच कॉल काढायचा कसा? इंटरनेट-फोनची नवी यंत्रणा घेणाऱ्याने दराआधी हे विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या यंत्रांची बोली म्हणजे एसआयपी; कॉल-आयडी, म्हणजे कॉलची ओळखखूण, तीत पहिल्यापासून आहे. तिचा आजचा मुख्य नियम-दस्तऐवज, आरएफसी ३२६१, सन २००२चा. फोन करणारं यंत्र कॉल-आयडी तयार करतं आणि फोन ठेवेपर्यंत तो बदलत नाही. लहान-मोठी अक्षरं त्यात वेगळी धरतात, म्हणून तो हाताने उतरवू नये, कॉपीच करावा. पण तो एकटा पुरत नाही. एकाच कॉलवर रिसेप्शन, किचन आणि मॅनेजर असे तीन फोन वाजले तर कॉल-आयडी एकच राहतो. फरक कळतो तो संदेशातल्या ‘टू’ (कोणाला) या ओळीतल्या टॅगवरून, म्हणजे प्रत्येक फोनने जोडलेल्या स्वतःच्या खुणेवरून. कॉल-आयडी आणि दोन्ही बाजूंचे टॅग मिळूनच संवादाची ओळख पक्की होते.

खरी अडचण मधल्या यंत्राची. कामाइलिओसारखा प्रॉक्सी, म्हणजे संदेश फक्त पुढे धाडणारा सर्व्हर, कॉल-आयडी तसाच पुढे पाठवतो. अ‍ॅस्टरिस्क (ऑफिसचं फोन-एक्सचेंज सॉफ्टवेअर) किंवा एसबीसी (दोन नेटवर्कांच्या सीमेवरचं यंत्र) मात्र कॉल स्वतः घेऊन पुढे दुसरा कॉल लावतात, नव्या कॉल-आयडीने. कळंगुटच्या लॉगमध्ये एक, म्हापशाच्या लॉगमध्ये दुसरा. वेळ आणि नंबर जुळवत बसलात की अख्खी दुपार जाते.

सेशन-आयडी याच दुखण्यावर आला, आरएफसी ७९८९, सन २०१६. त्यात दोन्ही टोकांचा एकेक यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी जुळू नये असा क्रमांक), प्रत्येकी ३२ अंकाक्षरांचा; समोरचा कळेपर्यंत त्याच्या जागी सगळी शून्यं. एसबीसी ओलांडूनही ही जोडी टिकते. कॉल ट्रान्सफर झाला तर एका बाजूचा बदलतो, दुसरा तोच, त्यामुळे माग सुटत नाही. शिवाय कॉल-आयडीत ‘@’नंतर बऱ्याचदा आतला आयपी पत्ता उघडा पडतो, तसं इथे होत नाही.

मात्र मधल्या एखाद्या यंत्राने सेशन-आयडीचा हेडर, म्हणजे संदेशातली ती ओळच, गाळला तर सगळं व्यर्थ. म्हणून खरेदीआधी दोन्ही टोकांना एसएनग्रेप (एसआयपी संदेश दाखवणारं साधन) लावून एक चाचणी कॉल करा आणि तो हेडर पलीकडे पोचतो का ते डोळ्यांनी बघा.

एकच इमारत आणि मध्ये फक्त प्रॉक्सी असेल तर कॉल-आयडी आणि टॅग पुरे. सगळा कारभार एकाच अ‍ॅस्टरिस्कवर असेल तर त्याचा लिंक्डआयडी (त्याच्या नोंदींतला सामाईक क्रमांक) दोन्ही तुकडे जोडून देतो. दोन-तीन शाखा आणि मध्ये एसबीसी असेल तर सेशन-आयडीचा आग्रह धरा, पण कॉल-आयडीची नोंदही ठेवा. प्रत्येक टप्प्यावरचा बिघाड शेवटी त्याच्यावरूनच सापडतो.