आत्मसंयमासाठी : उपास की विश्वासू सोबती?

राग, जीभ, मोबाइल, कशावरच ताबा राहत नाही. मग आठवड्यातून एकदा उपास धरावा, की एखाद्या विश्वासू सोबत्याला दर आठवड्याला आपल्या वागण्याचा हिशेब द्यावा?

वेळेचं म्हणाल तर उपासाला एक जेवण सोडायचं आणि तो अर्धा तास प्रार्थनेला द्यायचा. प्रार्थना वगळली की उरते नुसती भूक आणि दुपारची चिडचिड. सोबत्याला वीस मिनिटं पुरतात, पण वार-वेळ ठरलेली हवी.

बिघडतं कुठे? उपास दाखवायचा मोह होतो. बायबलमधलं मत्तय 6:16-18 त्यावरच बोट ठेवतं. सोबत्यापुढे माणूस मोघम बोलतो. ‘आठवडा जरा जड गेला’ ही कबुली नव्हे. ‘मंगळवारी रात्री मुलावर ओरडलो, अजून माफी मागितली नाही’, असं सांगितलं तर याकोब 5:16 प्रमाणे एकमेकांसाठी प्रार्थना करता येते. खरी वाढ इथेच होते, असं आम्हाला मनापासून वाटतं.

गलतीकरांस 5:22-23 मध्ये इंद्रियदमन, म्हणजेच आत्मसंयम, हे पवित्र आत्म्याचं फळ आहे, त्यामुळे दोन्हीकडे भिस्त देवाच्या कृपेवरच.

खाणं, खरेदी, स्क्रीन यांना उपास लागू पडतो. राग आणि लपवलेल्या पापाला सोबती. मधुमेह किंवा गर्भारपण असेल तर जेवण सोडू नका, मोबाइलचा उपास धरा.