बुरशी आलेल्या कॅसेटमधून 'एकटी' परत मिळाला

बाबांनी दूरदर्शनवरून शनिवारचा मराठी सिनेमा टेप केलेली एक व्हिडिओ कॅसेट आमच्या ठाण्यातल्या वसंत विहारच्या घरात माळ्यावर पडून होती. लेबलवर बाबांच्या तिरप्या अक्षरात 'एकटी, पूर्ण'. उघडून बघितली तर फितीच्या कडेला पांढरी बुरशी. दोन दुकानांत ती बघताच नाही म्हणाले. त्यांचंही बरोबर आहे, बुरशी व्हीसीआरच्या हेडला चिकटते आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेट खराब होते. नौपाड्यातल्या एका गल्लीत, शिंप्याच्या शेजारी असलेल्या छोट्या दुकानातल्या मुलाने मात्र ठेवून घेतली. "काकू, आधी फीत पुसून बघतो. नाही चालली तर पैसे देऊ नका."

साफसफाईचे 300, पेनड्राइव्हवर उतरवायचे 500. आठ दिवस लागले. अडीच तासांची कॅसेट उतरायला अडीच तासच लागतात, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

चित्राचं काम उत्तम. सिनेमा कृष्णधवल, पण जुन्या फितीवर हिरवे-जांभळे ठिपके तरंगत होते. त्याने रंगच काढून टाकला आणि सिनेमातल्या आईचा, सुलोचनादीदींचा, चेहरा स्वच्छ समोर आला.

आवाजाचं मात्र बिनसलं होतं. खरखर जावी म्हणून त्याने आवाज इतका गाळला, की 'लिंबलोण उतरू कशी' सुरू झालं आणि मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. दोनदा ऐकल्यावर कळलं. सुमन कल्याणपूर ओळींच्या मधे जो हलका श्वास घेतात, तोच गेला होता. पोर दूर आहे, दृष्ट काढायलाही हात पोचत नाही, हे त्या गाण्याचं दुःख. गदिमांचे शब्द होते, सुधीर फडक्यांची चाल होती, पण ती आई श्वासच घेत नव्हती. असे सिनेमे रडके म्हणून बाजूला ठेवले जातात. मीही कॉलेजात असताना हा अर्ध्यावर सोडून उठले होते. आता बघताना जाणवलं, की दीदी फार कमी रडतात. बोलता बोलता थांबतात, आवंढा गिळतात, आणि सगळं त्या थांबण्यात असतं. तिथली शांतता साफ करायची नसते.

मी परत गेले, त्याला गाणं ऐकवलं. वाद न घालता त्याने मूळ आवाज खरखरीसकट पुन्हा उतरवून दिला, जादा पैसे न घेता. तुम्ही कॅसेट द्याल तेव्हा 'आवाज गाळू नका' हे आधीच सांगा.

सिनेमा 1968चा, दिग्दर्शन राजा ठाकूरांचं. मुलगा झालेले काशिनाथ घाणेकर, ज्यांच्या नावाच्या नाट्यगृहावरून आम्ही रोज जातो, ते 1930चे. आई झालेल्या सुलोचनादीदी 1928च्या. दोनच वर्षांचं अंतर! पुढे घाणेकर त्यांचे खरेच जावई झाले. हे सगळं ठाऊक असूनही ती आई आणि तो मुलगा यावर माझा एका क्षणालाही अविश्वास बसला नाही.

आई 84 वर्षांची आहे, कानाला यंत्र आहे. ती शेवटपर्यंत हलली नाही. मधे एका जागी चित्र तुटतं आणि संवाद अर्ध्यातून सुरू होतो. तिथे आई म्हणाली, "बातम्या संपल्यावर ह्यांनी रेकॉर्डिंगचं बटण उशिरा दाबलं होतं. मी स्वयंपाकघरातून ओरडले होते." दुकानातल्या मुलाने तो तुटका भाग सांधायला नको म्हणून तसाच ठेवला होता, त्याबद्दल त्याचे खास आभार.

दुकानात बसायला जागा नाही, गाडी लावायला तर मुळीच नाही. स्टेशनकडून चालत जा. पैसे रोख घेतो. अजून दोन कॅसेट निघाल्या आहेत, एकीवर लेबलच नाही. पावसाळ्याआधी त्याही देऊन येणार आहे.