पितळी पुंगळ्या साफ करायला काय घ्यावं: मका, अक्रोड की स्टीलच्या पिना?

नेमबाजीच्या रेंजवरून झाडलेल्या काडतुसांच्या पिशवीभर रिकाम्या पुंगळ्या गोळा करून आणल्या, टेबलाला काडतुसं भरायचा प्रेस बसवला, की पुढचा खर्च टंबलरचा, म्हणजे पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्राचा. दुकानात गेल्यावर कळतं की टंबलर कुठला यापेक्षा त्यात भरायचं काय, हा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेत राहून स्वतःची काडतुसं पुन्हा भरणाऱ्या, किंवा ते सुरू करायच्या विचारात असलेल्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे तिथे हे घरी करायचं काम नाही.

माझं मत आधीच सांगतो. चकाकी बघून निवड करू नका. पुंगळी आरशासारखी लखलखली म्हणून नेम सुधारत नाही. ती साफ करायची ती दोन कारणांसाठी: तिला चिकटलेल्या वाळूने साइझिंग डायवर (पुंगळी दाबून मूळ मापावर आणणाऱ्या साच्यावर) ओरखडे उठू नयेत, आणि पितळेवरचे तडे डोळ्यांना दिसावेत. ही दोन्ही कामं मका, अक्रोड आणि पिना तिघेही नीट करतात. फरक पडतो तो दोन ठिकाणी. प्रायमरमधलं, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी बसणाऱ्या आणि ठिणगी देणाऱ्या टोपीतलं, शिसं साफसफाईत कुठे जातं, आणि पुंगळी पुन्हा भरण्याजोगी कोरडी कधी होते.

कोरडी पद्धत: मका आणि अक्रोड

दाणे काढलेल्या कणसाच्या दांड्याचा भरडा मऊ असतो. तो मळ हळूहळू काढतो, पण पॉलिश उत्तम करतो. अक्रोडाच्या कवचाचा भरडा कडक आणि धारदार. जुना काळपटपणा आणि काजळी तो लवकर उतरवतो, मात्र पितळ जरा मंद, मॅट दिसतं. दोन्ही थरथरणाऱ्या भांड्याच्या टंबलरमध्ये चालतात आणि साधारण दोन-तीन तासांत काम होतं. अक्रोडाचा भरडा पाळीव सरड्यांच्या पिंजऱ्यात अंथरायला विकतात, तो बंदुकीच्या दुकानातल्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो. मक्याचाही तसाच औद्योगिक साहित्याच्या दुकानात मोठ्या पोत्यात मिळतो.

मका घेताना दाण्याचा आकार बघाच. १४/२० नावाने मिळणाऱ्या भरड्याचा दाणा साधारण ०.८ ते १.४ मिलिमीटरचा असतो. प्रायमर काढलेल्या पुंगळीचं फ्लॅश होल (ठिणगी दारूपर्यंत जायचं भोक) जेमतेम दोन मिलिमीटरचं, त्यात हे दाणे हमखास अडकतात आणि मग एकेक पुंगळी हातात घेऊन सुईने टोकरत बसावं लागतं. २०/४० घ्या. त्याचा दाणा ०.४ ते ०.८ मिलिमीटरचा, तो बहुतेक वेळा सहज गळून पडतो. प्रायमर न काढता साफ करणार असाल तर हा प्रश्न येतच नाही; पण मग प्रायमर बसतो त्या खळगीतली काजळी तशीच राहते. पिस्तुलाच्या सरावाच्या काडतुसांना तेवढं चालून जातं.

मक्यात टोपणभर कार पॉलिश घालायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे. त्याचा पातळ थर पितळेवर राहतो आणि पुंगळ्या महिनोन्‌महिने काळ्या पडत नाहीत. पॉलिश घातल्यावर आधी दहा-पंधरा मिनिटं टंबलर पुंगळ्या न घालता नुसत्या भरड्यावर चालवा, नाहीतर त्याचे गोळे होऊन पुंगळ्यांच्या आत बसतात. लाल रूज लावलेला तयार अक्रोड मिळतो, त्याची शिफारस मी करणार नाही. ती लाल भुकटी पुंगळीच्या आतून निघता निघत नाही.

ओली पद्धत: स्टीलच्या पिना

स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, हे सगळं फिरत्या पिंपात. एक-दीड तासात पुंगळी आतून, बाहेरून आणि प्रायमरच्या खळगीतही नव्यासारखी होते. कोरड्या पद्धतीला हे जमत नाही. पिना झिजत नाहीत, एकदा घेतल्या की वर्षानुवर्षं चालतात. पंधरा पौंड क्षमतेच्या पिंपात पाच पौंड पिना, दोन पौंड पितळ आणि एक गॅलन पाणी हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे एका घाण्यात पितळ फार बसत नाही, हे विकत घेण्याआधी लक्षात घ्या.

ॲसिडचा हात जपून ठेवा. देवाची पितळी भांडी चिंचेने घासताना चिंच जास्त वेळ राहिली तर गुलाबी डाग पडतात, तसंच इथेही होतं. काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. ॲसिड जास्त झालं की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि तांबूस रंग उरतो. नऊ मिलिमीटरच्या एका पुंगळीत मावेल तेवढी पावडर एका गॅलनला पुरते.

कटकटी अशा. नेहमीची पीन साधारण १.२ मिलिमीटर जाडीची असते. एक पीन फ्लॅश होलमधून आरपार जाते, पण दोन शेजारी शेजारी घुसल्या की पाचर बसते. पुंगळीत राहिलेली पीन बंदुकीच्या नळीतून जाणं म्हणजे नळीचं नुकसान, त्यामुळे प्रत्येक पुंगळी उजेडात धरून बघावीच लागते. जास्त वेळ फिरवल्या तर पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या तोंडाची कड चेपते. पिनांनी पुंगळीच्या मानेच्या (गोळी बसते त्या भागाच्या) आतली काजळीही पार धुऊन निघते. ती काजळी गोळी बसवताना वंगणाचं काम करते, म्हणून अचूक रायफल नेमबाजी करणारे बरेच जण पिना टाळतात.

शिवाय वाळवण. पुंगळीत पाण्याचा थेंब राहिला तर दारू पुरती पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. लक्षात न येता पुढची गोळी झाडली तर बंदूक फुटते. म्हणून ओल्या पद्धतीत प्रायमर आधी काढणं मी सक्तीचं मानतो, कारण जुन्या प्रायमरच्या मागे साचलेलं पाणी लवकर वाळत नाही. फळं वाळवायचं यंत्र किंवा कडक ऊन पुरतं. स्वयंपाकाच्या ओव्हनचा मोह नको. त्यात जेवण शिजतं.

शिशाचा प्रश्न

बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि उडाल्यावर त्याची राख पुंगळीत राहते. कोरड्या पद्धतीत ही राख धूळ होऊन हवेत येते, विशेषतः भरडा चाळताना. अमेरिकेत मुलांच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी ते सामान्यापेक्षा जास्त धरतात, आणि अमुक पातळीपर्यंत शिसं सुरक्षित असं मुलांच्या बाबतीत म्हणताच येत नाही. घरात लहान मूल असेल किंवा गॅरेजमधूनच घरात ये-जा असेल, तर माझ्या मते निवड इथेच संपते: ओली पद्धत घ्या. तिचं गढूळ पाणी बागेत किंवा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. घरगुती घातक कचरा कुठे आणि कसा घेतात, ते आपल्या काउंटीला विचारा.

कोरडीच करायची असेल तर टंबलर घराबाहेर चालवा, झाकण लावून. भरड्यात वापरलेल्या ड्रायर शीटचे तुकडे टाका, ते बरीच धूळ धरून ठेवतात. चाळताना मास्क, नंतर साबणाने हात. भरडा राखाडी झाला की पिशवीत बांधून टाका. कंपोस्टमध्ये कधीही नाही.

पद्धत कोणतीही असो, अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश वापरू नका. याचा इतिहास आपल्याकडचाच आहे. ब्रिटिश सैन्य भारतात पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवायचं आणि पाऊस संपल्यावर त्यांतली कित्येक तडकलेली निघायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळेतला ताण यांनी मिळून ते होत होतं, हा उलगडा १९२१ साली झाला.

कोणी काय घ्यावं

महिन्याला थोडीफार पिस्तुलाची काडतुसं भरत असाल, मुलं घरात नसतील आणि मागे मोकळी जागा असेल, तर साधा थरथरणारा टंबलर आणि २०/४० मका. पुंगळ्या फारच काळ्या असतील तर आधी अक्रोड, मग मका. रेंजच्या मातीतून उचललेलं पितळ भरपूर असेल तर पिना, आणि सोबत प्रायमर काढायची वेगळी डाय. दूरच्या लक्ष्यावर रायफल चालवणाऱ्याला मकाच. साइझिंगनंतर पुंगळीला राहिलेलं वंगण काढायलाही मका लागतो, वीस-तीस मिनिटं पुरतात, म्हणून पिना घेणाऱ्या रायफलवाल्यानेही जुना थरथरणारा टंबलर विकू नये.