तोमिओकाचं टेपको डीकमिशनिंग आर्काइव्ह सेंटर: वेळ काढून बघाच

जपानात राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींना मनापासून सांगतो, फुकुशिमाच्या जोबान रेल्वे लाईनवर तोमिओकाला उतरून हे सेंटर बघा. फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पाची मालक असलेल्या टेपको या वीज कंपनीचं हे सेंटर, तिथला अपघात आणि तो प्रकल्प मोडीत काढण्याचं काम (डीकमिशनिंग) यांवर आहे. एन्ट्री फ्री आहे, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. वरच्या मजल्यावर अपघात कसा झाला आणि कंपनी कुठे चुकली ते, खाली आत्ता काय काम चाललंय ते.

मला खालचा मजला जास्त आवडला. मार्च २०११ मध्ये हायड्रोजनचे स्फोट होऊन १, ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्यांच्या इमारती फुटल्या, काँक्रीटचे किरणोत्सारी तुकडे आवारभर उडाले, माणसाला जवळ उभं राहणंच धोक्याचं, मग लांबून चालवायच्या मशिनरीने मलबा उचलून कंटेनरमध्ये भरला, ड्रोनने वरून फोटो काढले आणि एप्रिलमध्ये पॅकबॉट रोबोट आत पाठवून रेडिएशन मोजलं. नुकसान किती झालंय हे कळायलाच एवढा खटाटोप!

आणि खरं अवघड काम तर आतलं, वितळलेलं इंधन अंदाजे ८८० टन आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिला नमुना बाहेर आला तो एक ग्रॅमपेक्षाही कमी. हे वाचून खरंच सुन्न झालो.

एकच कमी वाटली, घरदार सोडून गेलेल्या लोकांबद्दल इथे फार नाही, त्यासाठी फुताबा गावातलं या आपत्तीवरचं म्युझियम त्याच दिवशी करा, तेही याच लाईनवर आहे. जैतापूरवर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी तर जावंच.