कोष्टक मांडू की सिद्धता लिहू?

बारावीला तर्कशास्त्र घेतलेली भाची विचारते, "मामा, युक्तिवाद वैध आहे का हे तपासायला कुठली पद्धत धरू, सत्यताकोष्टक की सिद्धता?" घर रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ, म्हणून उदाहरणही बंदरावरचंच. जून-जुलैची मासेमारीबंदी असेल तर ट्रॉलर नांगरलेले असतात. ट्रॉलर नांगरलेले असतील तर लिलावात ताजी सुरमई नसते. आज ताजी सुरमई आहे. म्हणून बंदी नाही.

"बर्फातलीच ताजी म्हणून विकतात गो," आई आतून म्हणाली. असेलही. मग तिसरं आधारविधान (ज्यांवर निष्कर्ष उभा, त्यातलं एक वाक्य) खोटं ठरेल. युक्तिवाद तरी वैधच, कारण आधारविधानं सत्य धरली तर निष्कर्ष असत्य होऊच शकत नाही.

पूर्ण कोष्टकात बंदी, ट्रॉलर, सुरमई या तीन साध्या विधानांच्या सत्य-असत्याच्या सगळ्या शक्यता मांडायच्या, म्हणून आठ ओळी होतात. तिन्ही आधारविधानं सत्य असलेली ओळ एकच, आणि तिथे निष्कर्षही सत्य. डोकं लागत नाही, चिकाटी लागते. पाच साधी विधानं आली की ओळी 32.

सिद्धता देखणी. सुरमई आहे, म्हणजे ट्रॉलर नांगरलेले नाहीत. म्हणजे बंदी नाही. मोडस टोलेन्स ('असेल तर'चा परिणाम नाही, म्हणून कारणही नाही) दोनदा, संपलं. (आधी 'सुरमई नाही असं नाही' ही दुहेरी नकाराची ओळ लिहायची. ती गाळून मी गुण घालवलेत.) माणूस जसा विचार करतो तशीच सिद्धता कागदावर उतरावी, म्हणून जर्मन तर्कशास्त्रज्ञ गेन्टझेनने 1934-35 मध्ये नैसर्गिक निगमन ही नियमांनी पायरीपायरीने सिद्धता लिहायची पद्धत मांडली.

पण आता हे बघ: बंदी असेल तर ट्रॉलर नांगरलेले असतात, ट्रॉलर नांगरलेले आहेत, म्हणून बंदी आहे. अशाच एकाची सिद्धता मी परीक्षेत अर्धा तास शोधत होतो. सापडणार कुठून? आणि न सापडणं हा अवैधतेचा पुरावाही नव्हे. कदाचित मलाच सुचली नसेल.

इथे लघु कोष्टक कामाला येतं. आधारविधानं सत्य, निष्कर्ष असत्य धरायचा आणि कुठे अडतं ते बघायचं. सुरमईच्या युक्तिवादात बंदी आहे असं धरलं, तर ट्रॉलर नांगरलेले, म्हणजे सुरमई नाही. पण ती तर समोर आहे. अडलं, म्हणून वैध. दुसऱ्यात बंदी नाही आणि ट्रॉलर नांगरलेले, काहीच अडत नाही. ऑक्टोबरात वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की धक्क्यावर हेच दिसतं. अवैध.

कटकट एकच: निष्कर्षात 'आणि' असेल तर तो तीन प्रकारे असत्य होतो, तिन्ही तपासावे लागतात.

भाचीला सांगितलं, प्रश्नात 'वैध आहे का' असेल तर आधी लघु कोष्टक. 'सिद्ध करा' असेल तर थेट सिद्धतेला लाग. पूर्ण कोष्टक दोन-तीन विधानांपुरतं ठेव.