फॉर्म सिंग्युलॅरिटीपर्यंत नेता येतो का? ‘सिंग्युलर’ या संगणकीय बीजगणित प्रणालीचे परीक्षण

संमिश्र वैश्लेषिक फोलिएशनचा (अवकाशाच्या एकमेकांना न छेदणाऱ्या पानांत होणाऱ्या विभागणीचा) अभ्यास करणाऱ्याला एका प्रश्नाला पुन्हा पुन्हा सामोरे जावे लागते: सिंग्युलॅरिटी (जिथे ही विभागणी बिघडते तो बिंदू) वगळून उरलेल्या भागात मिळणारा डिफरन्शियल फॉर्म त्या बिंदूवरही होलोमॉर्फिक (संमिश्र अर्थाने विकलनक्षम) राहील अशा रीतीने वाढवता येतो का? फॉर्म आधीच ठरलेला असेल आणि वगळलेल्या संचाची कोडायमेन्शन (अवकाशाच्या मितीतून संचाची मिती वजा केल्यावर उरणारी संख्या) किमान २ असेल, तर विस्ताराची हमी देणारे हार्टोग्जचे प्रमेय पुरते. खरी अडचण येते ती फॉर्म एकमेव नसतो तेव्हा. फोलिएशन ओमेगा या १-फॉर्मने दिले असेल, तर सिंग्युलॅरिटीपासून दूर प्रत्येक बिंदूभोवती असा ईटा सापडतो की ईटा आणि ओमेगा यांचा वेज गुणाकार म्हणजे ओमेगाचा बाह्य विकलज होय. मात्र हा ईटा ओमेगाच्या पटीइतका सैल असल्यामुळे ठिकठिकाणचे तुकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. सिंग्युलर संचाची कोडायमेन्शन ३ किंवा अधिक असल्यास साइतो यांचे १९७६ चे विभाजनाचे प्रमेय हा ईटा थेट मिळवून देते. दोन चलांत एकाकी सिंग्युलॅरिटीची कोडायमेन्शन २ च असते, त्यामुळे तिथे प्रत्येक उदाहरण स्वतंत्रपणे तपासावे लागते. या तपासणीचे साधन म्हणूनच मी ‘सिंग्युलर’कडे पाहिले आहे, त्याच्या इतर क्षमतांविषयी येथे मत देत नाही.

ग्रॉयेल, फिस्टर आणि श्योनेमान यांच्या पुढाकाराने कायझरस्लाउटर्न विद्यापीठात विकसित झालेली ही प्रणाली जीपीएल परवान्याखाली मोफत मिळते.

दोन चलांतील सदिश क्षेत्राचे घटक प आणि फ असतील, तर ईटा होलोमॉर्फिक रूपात मिळण्याची अट नेमकी इतकीच आहे की क्षेत्राचा डायव्हर्जन्स, त्या बिंदूच्या स्थानिक रिंगमध्ये (त्या बिंदूजवळच्या फलनांत), प आणि फ यांच्या आयडियलमध्ये (त्यांच्या पटींच्या बेरजांत) असला पाहिजे. ‘एसटीडी’ या आज्ञेने आयडियलचा स्टँडर्ड बेसिस (सदस्यत्व तपासायला सोयीचे जनक) काढावा, ‘रिड्यूस’ने डायव्हर्जन्सची बाकी काढावी, बाकी शून्य आली तर विस्तार आहे, अन्यथा नाही. घटक क्ष आणि य असलेल्या त्रिज्य क्षेत्रासाठी बाकी २ येते, म्हणजे विस्तार अशक्य. बाउम-बॉट निर्देशांक (सिंग्युलॅरिटीला जोडलेली एक संख्या) हेच सांगतो: ईटा वाढवता आला असता तर हा निर्देशांक शून्य झाला असता, प्रत्यक्षात तो ४ आहे.

या प्रणालीचे खरे मोल तिच्या स्थानिक क्रमांत (एकपदींच्या अशा क्रमांत, ज्यांनी आकडेमोड मूळबिंदूजवळच्या रिंगमध्ये होते) आहे. क्ष(१−क्ष) आणि −य हे घटक घ्या. डायव्हर्जन्स −२क्ष आहे. रिंग ‘डीपी’ या जागतिक क्रमाने घोषित केली, तर बाकी शून्य येत नाही, कारण (१, ०) या दुसऱ्या सिंग्युलॅरिटीवर डायव्हर्जन्स −२ आहे आणि ती सदस्यत्व रोखते. तीच रिंग ‘डीएस’ क्रमाने घोषित केली की १−क्ष हा व्यस्तक्षम घटक (ज्याने भागता येते असा) ठरतो, बाकी शून्य होते आणि मूळबिंदूजवळ ईटा अस्तित्वात असल्याचे बरोबर उत्तर मिळते. ‘डिव्हिजन’ ही आज्ञा भागाकाराबरोबर तो व्यस्तक्षम घटकही वेगळा काढून देते, त्यामुळे ईटाचे सहगुणक हाताने लिहून पडताळता येतात. मूळबिंदूवरचा प्रश्न विचारायचा आणि संपूर्ण प्रतलावरचे उत्तर घेऊन परतायचे, हा घोटाळा येथे एका अक्षरगटाच्या निवडीने टळतो, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही ही प्रणाली शिकण्यासारखी आहे.

पॅरामीटरच्या बाबतीत मात्र सावध राहावे. घटक क्ष आणि लॅम्डा गुणिले य असलेल्या क्षेत्रात लॅम्डा हा रिंगचा पॅरामीटर म्हणून घोषित केला, तर प्रणाली त्याला मुक्त चिन्ह मानते, १+लॅम्डा शून्येतर धरते आणि विस्तार नाही असे सांगते. लॅम्डा −१ असताना डायव्हर्जन्स शून्य होतो व विस्तार सहज मिळतो, ही गोष्ट त्या उत्तरात कुठेच दिसत नाही. हा प्रणालीचा दोष म्हणता येणार नाही; परंतु फोलिएशनच्या सिद्धान्तात लॅम्डाच्या अशा विशेष किमतींनाच महत्त्व असल्यामुळे त्या किमती एकेक करून स्वतंत्रपणे तपासणे अपरिहार्य आहे.

सहगुणक बहुपदी असावे लागतात. घातांकी फलनासारखी अनंत श्रेणी आली की ती कुठे तोडायची हे आपणच ठरवावे लागते, आणि तोडल्याने उत्तर बदलत नाही याची सिद्धताही आपणच द्यावी लागते. त्रुटी दाखवणारे संदेश त्रोटक असतात. मॅन्युअल मात्र उदाहरणांनी भरलेले आणि विश्वासार्ह आहे.

तीन किंवा अधिक चलांत काम करताना प्रथम ओमेगाच्या सहगुणकांच्या आयडियलच्या स्टँडर्ड बेसिसवर, अर्थातच स्थानिक क्रमात, ‘डिम’ चालवून सिंग्युलर संचाची मिती पाहावी. तीन चलांत ती ० आली, तर कोडायमेन्शन ३ ठरते, साइतो यांची अट पूर्ण होते आणि ईटाच्या अस्तित्वासाठी पुढची आकडेमोड करण्याची गरजच उरत नाही. १ आली, तर वरची सदस्यत्वाची तपासणी सहगुणकांच्या मॉड्यूलवर (आयडियलच्या सदिशांसाठीच्या रूपावर) करावी लागते, आणि तीही ‘रिड्यूस’ त्याच आज्ञेने करते.